मिरचीच्या मोसमातलं अवकाशयान

नंदुरबार,
१० नोव्हेंबर २०२४

सातपुडाशिखरनिवासी, विज्ञानमार्तंड, आश्रमशाळाप्रदीप श्रीमान गोकुळ वसावे यांच्या चरणी (चरण धुतलेले असल्यास) हिंमतरावाचा साष्टांग.

तुझी कन्या काल वाहरूच्या जीपमधून सुखरूप अवतरली. सोबत एक पत्र्याची पेटी आणि रूपलीवहिनींनी दिलेली आमचुराची पिशवी. पिशवी आमच्या मंडळींनी तत्काळ ताब्यात घेतली. पेटी आणि कन्या यांना मागची खोली दिली. आज पहाटेच सीमाने मैदान गाठले आणि परत येऊन मला विचारले, "काका, इथे चढ कुठेय?" मी म्हटले, "बाळ, हे नगर सर्वार्थाने सपाट आहे." वनरक्षकाच्या भरतीत धावण्याची परीक्षा सपाटीवरच होते हे कळल्यावर ती किंचित हिरमुसली. पाड्यावर जी शेळीच्या मागे डोंगर चढली, तिला सपाट मैदान म्हणजे अपमानच वाटला असावा.

आता मुख्य विषय. चिरंजीव भाग्येश परदेशगमनापूर्वी एक खोके माळ्यावर ठेवून गेले. खोक्याची लांबी अशी, की आत एखादा मध्यम प्रकृतीचा लिपिक सुखाने झोपावा. उघडले तर आत एक अवकाशयान, तुकड्यांच्या रूपाने. फोनवर विचारले, तर उत्तर आले, "पप्पा, देऊन टाका कुणाला तरी." तो 'कुणीतरी' म्हणजे तुझी शाळा, हे मी परस्पर ठरविले आहे.

परंतु हे बाजारातले खेळणे नव्हे. हे रेझिनचे आहे. साच्यात ओतून घट्ट झालेला एक मलईच्या रंगाचा पदार्थ. प्रत्येक तुकड्याला ओतकामाचे जाड खुंट चिकटलेले, कडांना पापुद्रे, साच्याचे दोन भाग जुळले तेथे अंगभर उमटलेली एक शिवण. एक पंख तर मिठाईच्या दुकानातील पापडीसारखा वाकला आहे. हे सारे कापावे, घासावे, सपाट करावे, तेव्हा कुठे जोडणी. जोडण्याचे काम तुझे, कारण तू विज्ञान शिकवतोस. सोलण्याचे माझे, कारण मी व्याकरण शिकवतो आणि आयुष्यभर इतरांच्या वाक्यांतील फाजील भाग कापत आलो आहे. सोललेले अवयव वाहरू तुझ्याकडे पोहोचवील.

माहितीपत्रक जपानी लिपीत आहे. एका चित्रात तोंडाला पट्टी बांधलेला मनुष्य दिसतो. तो या यानाचा वैमानिक असावा, असा माझा निष्कर्ष आहे.

तुझ्या पाड्यावर फोनची लहर टेकडीवरील एका मोहाच्या झाडाखालीच लागते, हे राष्ट्राचे दुर्दैव आणि पत्रलेखनाचे सद्भाग्य. तेव्हा उत्तर लिहूनच पाठव.

ता.क. आमच्या गल्लीमागील पथारीवर मिरची वाळत पडू लागली. मैदानभर लाल गालिचा अंथरला आहे आणि वारा आमच्याच दिशेचा आहे. सीमाला आज पहिला ठसका लागला. नगरप्रवेशाचा संस्कार यथाविधी पार पडला.

आपला,
हिंमतराव पाटील

---

आश्रमशाळा, मोलगीच्या वर,
१९ नोव्हेंबर

प्रिय हिंमत,

चरण धुतले होते.

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. लिपिक खोक्यात झोपलेला ऐकून पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. यान आलं की मोठ्या खोलीच्या आढ्याला टांगू. विज्ञान दिनापर्यंत जमेल का? पोरांना मी तसं सांगून बसलो आहे.

धुतल्याशिवाय घासायला घेऊ नकोस. साच्यातून तुकडा सुटावा म्हणून त्याला वंगण लावलेलं असतं. भांडी घासायच्या साबणाने धू. वाकलेला पंख तसाच पाठव, तो मी गरम पाण्यात सरळ करतो.

सीमाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण ती स्वतः सांगणार नाही. माझ्या आईला लाकडाच्या मोळीपायी एकदा जंगलाच्या नाक्यावर दिवसभर उन्हात बसवून ठेवलं होतं. ही तेव्हा तिच्या मांडीवर होती. आता म्हणते, त्याच नाक्यावर मी वर्दी घालून उभी राहणार, आणि म्हातारीला मोळी डोक्यावर चढवून देणार. मला तिच्या अभ्यासाची थोडी काळजी वाटते. छातीची नाही. चुलीच्या धुरात वाढली, दम कधी लागला नाही. तिच्या छातीवर माझा भरवसा आहे. तुझ्या घरावर त्याहून जास्त.

मिरचीचा ठसका तिला नवा आहे. सवय होईल. मलाही वसतिगृहाच्या पहिल्या वर्षी लागायचा, आठवतं? तू हसायचास.

तुझा,
गोकुळ

---

नंदुरबार,
१५ डिसेंबर

गिरिकुहरप्रबोधक गोकुळाचार्य यांस,

कार्य वेगाने चालू आहे. आपल्या आज्ञेनुसार सर्व अवयवांना साबणाचे अभ्यंगस्नान घातले. यासाठी गृहस्वामिनींची धुण्याची बादली वापरली गेली, आणि पुढील संवाद झाला, तो मूळ भाषेतच देतो.

"धुणानी बादलीमा हाई काय टाकेल शे?"

"यान."

"कपडा कोठे धोऊ मी मग? तुम्हना यानमा?"

स्नानानंतर शस्त्रकर्म. खुंट बारीक पात्याच्या करवतीने कापले. शिवण घासण्यासाठी चिरंजीवांचे विजेवर फिरणारे छोटे यंत्र सापडले, ते दंतवैद्याच्या यंत्राचे चुलतभावंड असावे. आवाज तोच, रुग्ण मात्र निमूट. त्यातून जी भुकटी उडते ती तांदळाच्या पिठीइतकी शुभ्र आणि चंदनाइतकी मऊ. मी कामावरून उठतो तेव्हा मंगला मला 'पिठोरीबाबा' म्हणते.

आरंभी गच्चीवर बसत असे. परंतु पथारीचा वारा असह्य झाला; मिरचीचे कण खळगे बुजवायच्या पुट्टीत मिसळून यानाला गोवर आल्यासारखे दिसू लागले. म्हणून मागच्या खोलीत स्थलांतर केले. सीमाच्याही ठसक्याचा बंदोबस्त व्हावा या दुहेरी हेतूने तेथील दोन्ही खिडक्या वर्तमानपत्रे चिकटवून बंद केल्या. आता मिरचीचा एक कणही आत येत नाही. एका कोपऱ्यात ती सामान्यज्ञान पाठ करते, दुसऱ्यात मी शिवण घासतो. एका छताखाली दोन तपश्चर्या.

तिचा खोकला मात्र हटवादी निघाला. परंतु काय सांगू मित्रा, हा सामान्य खोकला नव्हे. हा अक्षरगणवृत्तात आहे! प्रथम दोन लघू, मग एक प्रदीर्घ गुरू, मग यती, आणि पुन्हा तेच. काल मी कान देऊन गण पाडले, तर चारही चरण निर्दोष. मी तिला म्हटले, "सीमे, तू झोपेतही छंदोभंग करत नाहीस." ती हसली, आणि त्या हसण्याने पाचवा चरण सुरू झाला. मंगलाला ही काव्यचर्चा रुचली नाही. म्हणाली, "पोर मरी ऱ्हायनी खोकी खोकी, आन तुम्हले कविता सुची ऱ्हायनी." ज्येष्ठमधाचा काढा चालू केला आहे. मैदानावरचा तिचा वेग थोडा मंदावला आहे. मिरचीचा जोर ओसरला की पूर्ववत होईल.

उजवा पंख आणि इंजिनाची चार नळकांडी सोबत. वाहरूला सांगितले आहे की ही मांडीवर घेऊन यायची वस्तू आहे. तो म्हणाला, "मांडीवर कोंबडी शे." तेव्हा पंख कोंबडीच्या शेजारी बसून आला असेल, तर तपासून घेणे.

काव्यशास्त्रविनोदी,
हिंमतराव

---

आश्रमशाळा,
२४ डिसेंबर

प्रिय हिंमत,

पंख पोहोचला. कोंबडीही पोहोचली; दोघांना धक्का नाही. तू घासलेल्या कडेवरून नख फिरवून पाहिलं, शिवण लागत नाही. व्याकरणवाल्यांचा हात इतका हलका असेल असं वाटलं नव्हतं. वाकडा पंख मागच्या खेपेला आला होता, तो चुलीवरच्या पाण्यात धरून सरळ केला. सांध्यात नुसता गोंद टिकणार नाही, यान जड आहे, म्हणून भोकं पाडून सायकलचे आरे तोडून बसवले. शाळेतली एक सायकल आता चालत नाही. मी विचारलं तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

खोकल्याचं वृत्त मी वर्गात वाचलं. पोरांनी लगेच गण पाडून दाखवले, सगळा वर्ग तालात खोकत होता. घरीही वाचलं. रूपलीही हसली. नंतर भाकरी थापताना म्हणाली, "चुलीजवळ कधी खोकली नाही ती." मी म्हटलं, चूल वेगळी, मिरची वेगळी. सीमाने आम्हाला दोन ओळी धाडल्या: मी बरी आहे, इथे सगळेच खोकतात. आमचं समाधान झालं.

नाकाचा मोठा भाग न घासता पाठव. सगळं पुण्य तूच घेऊ नकोस. मलाही थोडं घासून बघायचं आहे.

तुझा,
गोकुळ

---

नंदुरबार,
८ जानेवारी २०२५

पुण्यलोलुप गोकुळपंत यांस,

यानाची नासिका जशीच्या तशी, खुंटांसह, पाठवीत आहे. मनावर दगड ठेवला, कारण तिच्यावरची शिवण पाहून बोटे शिवशिवत होती. माझ्याकडे आता केवळ पोटाचे दोन अर्धगोल उरले. ते या यंत्रणेतले सर्वांत विशाल अवयव. एकेक घासताना जणू पृथ्वीची प्रदक्षिणा होते.

इकडे मिरचीचा मोसम ऐन भरात आहे. नव्या मालाच्या गाड्या येत आहेत. दाराच्या फटीतूनही वास येऊ लागला, म्हणून मी मागच्या खोलीच्या उंबऱ्याला ओले पोते लावले. आता ती खोली म्हणजे अभेद्य दुर्ग. तरीही सीमाने एक नवे आसन सिद्ध केले आहे: ती भिंतीला टेकून, बसूनच झोपते. मी त्याला 'प्रहरीनिद्रा' असे नाव दिले. वनरक्षकास ती उपयोगीच पडेल.

परवा ती मैदानाच्या कडेला बसली होती. मी दुचाकी थांबवून विचारले, "काय झाले?" तर म्हणाली, "काही नाही काका. सगळेच खोकतात इथे. मीच काय वेगळी?" तिच्या बोलण्यात एरवीची खोडी नव्हती. गल्लीतील डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, "पथारीजवळ राहता का?" आम्ही होय म्हटले. त्यांनी पुढे काही विचारले नाही, गोळ्या दिल्या. बाहेर बाकावर बसलेले रुग्णही खोकतच होते. त्यांपैकी एकाने मला नवीन मिरचीचा भाव विचारला.

मंगला म्हणते, पोरीला स्वयंपाकघरात झोपवा. मी म्हटले, तिथे खिडकी उघडी असते, मिरची थेट आत येईल. तिने माझ्याकडे पाहिले आणि पोरीसाठी पुन्हा काढा चढवला. मंगलाने वाद सोडला की मला अस्वस्थ वाटते, हे तुला ठाऊक आहे.

विज्ञान दिन समीप येत आहे. नासिका जपून घास.

तुझा,
हिंमतराव

---

आश्रमशाळा,
१७ जानेवारी

हिंमत,

हे पत्र हसत वाचू नकोस आणि पुढचं काम करण्याआधी वाच.

नाकाचा भाग परवा घासायला घेतला. वाऱ्याने धूळ पसरू नये म्हणून पडवीला ताडपत्री बांधून आत बसलो. पॉलिश कागदाने कोरडंच घासलं. थोड्या वेळाने घसा धरला. काल सकाळी उठलो तर छाती आखडलेली, श्वास सोडताना आत शिट्टी वाजत होती. रूपली पाणी घेऊन आली, उभी राहून ऐकत राहिली आणि म्हणाली, "सीमाचा असाच असेल का?"

इथे पथारी नाही, हिंमत. इथे मिरची नाही. भाकरीबरोबर खायला लागते तेवढीच आहे, आणि ती गाडग्यात आहे.

ही त्या पदार्थाची धूळ आहे. बारीक आहे, छातीत खोल जाते आणि बसते. मी एकच दिवस घासलं तर माझं हे झालं. तू दोन महिने घासतो आहेस, बंद खोलीत, आणि माझी पोर त्याच खोलीत अभ्यास करते, तिथेच झोपते. आपण खिडक्या मिरचीसाठी बंद केल्या.

तिला आत्ता बाहेर काढ. खिडक्यांचे कागद फाड. यंत्र बंद. झाडू मारू नकोस, धूळ पुन्हा उडेल. ओल्या फडक्याने पूस. तिची पुस्तकं, अंथरूण, सगळं बाहेर.

टेकडीवर जाऊन फोन केला. तू तासावर असशील, लागला नाही. सीमाचाही लागला नाही. वाहरूची जीप थांबवून हे लिहितो आहे. वसतिगृहाची पोरं एकटी टाकून निघता येत नाही. जोडीदार गुरुजी उद्या परततील, की मी निघालोच.

गोकुळ

---

नंदुरबार,
३० जानेवारी

प्रिय गोकुळ,

येथे नेहमीची विशेषणे लिहिली होती. खोडली.

तू परत जाऊन इतके दिवस झाले, उत्तर नाही. म्हणून मीच लिहितो. तुझे पत्र वाहरूने फाटकापाशी दिले. तिथेच उभ्याने वाचले. मागच्या खोलीत गेलो, कागद फाडले. ऊन आत आले तेव्हा प्रथमच दिसले की हवा पांढरी आहे. खिडकीच्या कट्ट्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर होता. तिच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकाच्या पानापानात पीठ. उशीवर तिच्या डोक्याचा गोल तेवढा स्वच्छ, भोवताली पांढरे. मंगलाने उशीचा अभ्रा काढला आणि मोरीत जाऊन धूत बसली. मी तीनदा हाक मारली. तिने मागे पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तू आलास. पेटी उचललीस, पोरीचा हात धरलास. मंगलाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तू घेतला नाहीस. वसतिगृहात आपण एकाच माठातले पाणी प्यायलो, हे मी बोलणार होतो. बोललो नाही, ते बरे झाले. तो तांब्या अजून ओट्यावर आहे. कुणी उचलत नाही.

अज्ञान हे मानवाचे सहजात लक्षण असून त्यास सर्वथा दोषास्पद मानणे तर्कदुष्ट होय, अशा आशयाचा एक परिच्छेद मी पुढे लिहिला होता. तोही खोडला. पण तू तो पाहिला असतास तर म्हणाला असतास, वाक्य चांगले आहे.

यानाचे पोट अंगणात ओल्या पोत्याखाली पडले आहे. त्याला हात लावलेला नाही. तू म्हणशील ते करीन. म्हणशील तर फोडून पुरून टाकीन.

सीमा कशी आहे? धाव बावीस फेब्रुवारीला आहे. ती धावेल का, हे विचारण्याचा मला अधिकार नाही, तरी विचारतो. शिवी दिलीस तरी चालेल. शुद्धलेखन तपासणार नाही.

हिंमत

---

आश्रमशाळा,
९ फेब्रुवारी

हिंमत,

शिवी लिहायलाच बसलो होतो. जमलं नाही. तुझी सवय अशी की तुला काहीही लिहायचं म्हटलं की मला आधीच हसू येतं. त्याचाच मला आता राग येतो.

अक्कलकुव्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. श्वासाच्या नळ्या सुजल्या आहेत. तोंडात ओढायचं औषध दिलं आहे. सूज उतरेल म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही. धुळीपासून लांब राहायचं. चढावर ती आता दोनदा बसते. शेळ्या पुढे जातात आणि तिची वाट बघत उभ्या राहतात.

तुझ्यावर किती चिडलो ते तुला दिसलं. स्वतःवर किती, ते सांगतो. मी विज्ञान शिकवतो. तू मला सगळं लिहिलं होतंस. बंद खिडक्या लिहिल्यास, पांढरी भुकटी लिहिलीस, उंबऱ्याला लावलेलं पोतं लिहिलंस, बसून झोपणारी पोर लिहिलीस. तू काही लपवलं नाहीस. पण इतकं सुंदर लिहिलंस की मला काही दिसलं नाही. माझ्या मुलीचा श्वास अडकत होता आणि मी तो वर्गात वाचून दाखवत होतो. पोरं तालात खोकत होती. मी फळ्यावर लघू-गुरूच्या खुणा काढून दिल्या. मी, माझ्या हाताने.

यान फोडू नकोस. पोरांना शब्द दिला आहे आणि त्यांचा यात काही दोष नाही. पोट तसंच पाठव. नाक आता मी घमेल्यात, पाण्याखाली धरून घासतो आहे, तोंडाला फडकं बांधून; पोटही तसंच घासेन. धूळ उडत नाही, गाळ होतो. पाणी जुन्या धोतरातून गाळतो आणि गाळ खड्ड्यात टाकतो. हे आधी सुचायला हवं होतं.

आता धावेचं. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी छाती मोकळी असली तर धावू दे. शिट्टी वाजली की थांबायचं, जिद्द करायची नाही. मी नको म्हणत होतो. सीमा म्हणाली, "बाबा, तुम्ही मैदानावर आलात तर तुमचा चेहरा बघून मी पहिल्या फेरीतच थांबेन. काकांना येऊ द्या." तिचा तुझ्यावर राग नाही. का नाही ते मला विचारू नकोस. मला तो आहे.

तिने कबूल केलंय, काकांनी हाक मारली की थांबेन. म्हणून तू दोरीजवळ उभा राहा. ऐक, बघ, आणि वेळ आली की हाक मार. आदल्या दिवशी ती येईल. स्वयंपाकघरात झोपेल, वहिनींजवळ. नंतर मला लिही, जे दिसलं तेवढंच. अलंकार नको. एकही नको.

गोकुळ

---

नंदुरबार,
२३ फेब्रुवारी

गोकुळ,

सांगितलेस तसे लिहितो.

काल सकाळी सीमाने औषध ओढले. मंगलाने तिला दशमी दिली, ती अर्धी खाल्ली. आम्ही मैदानावर पोहोचलो. मुली बऱ्याच होत्या. तिने बूट दोनदा बांधले. मी दोरीजवळ उभा राहिलो.

पहिल्या फेरीत ती पुढच्या मुलींत होती. दुसऱ्या फेरीतही. चेहरा शांत होता. माझ्या समोरून गेली तेव्हा मला श्वास ऐकू आला. वाजत नव्हता. मी तिला हात दाखवला, तिनेही दाखवला.

पुढच्या फेरीत ती मागे पडू लागली. वळणावर तिने छातीला हात लावला. समोर आली तेव्हा शिट्टी ऐकू आली. मी हाक मारली. ती थांबली.

ती दोरीखालून बाहेर आली आणि खाली बसली. औषध दिले. थोड्या वेळाने श्वास शांत झाला. धाव अपुरी राहिली, म्हणजे ती बाद झाली. घरी मंगलाच्या मांडीवर डोके ठेवून झोपली.

मी हाक मारली नसती तर तिने धाव पुरी केली असती, असे मला वाटते. तिच्यात जोर होता. तेव्हा या निकालाबद्दल कुणाला काही म्हणायचे झाल्यास मला म्हण. तिला नको.

हिंमत

---

नंदुरबार,
२३ फेब्रुवारी

बाबा,

काकांनी तुम्हाला पत्र लिहिलं. पाकिटात घालायच्या आधी काकूंनी ते मला वाचायला दिलं आणि म्हणाल्या, "तूच लिख आते, खरं काय ते." म्हणून दुसऱ्या कागदावर लिहिते. दोन्ही वाहरूमामाकडे एकदमच देतोय.

काकांनी हाक मारली नाही. मी आपणहून थांबले. वळणावरच कळलं होतं की छाती भरली, तरी काकांपर्यंत जाऊ म्हटलं, ते हाक मारतील. समोर आले तर ते दोरीला धरून वाकले होते. तोंड उघडं होतं, हात वर केलेला, पण आवाज येत नव्हता. तेही खोकत होते. माझ्यासारखंच, आतून वाजणारं. मी डॉक्टरांना कबूल केलं होतं, म्हणून थांबले. कुणी हाक मारली म्हणून नाही. मग मी माझं औषध आधी त्यांना दिलं. त्यांना ओढता येत नव्हतं, मी शिकवलं.

ते पत्र त्यांनी चार वेळा लिहिलं. मी बाद झाले ते तुमच्यापुढे माझ्यावर येऊ नये म्हणून तसं लिहिलं असेल. पण मी हरले तर मीच हरले, बाबा, दुसऱ्या कुणाच्या हाकेमुळे नाही. पुढची भरती निघेल तेव्हा मी पुन्हा धावणार आहे. तोवर डोंगरात राहते, काकूंनी बोलावलं तरी.

काकू म्हणतात, काकांचा खोकला डिसेंबरपासूनच आहे. कॉलेजात वर्गात बोलताना मध्येच थांबतात, मुलांना वाटतं सर विचार करतायत. घरी कुणी विचारलं तर मिरची म्हणतात. मी इथे होते तेव्हा मला वाटायचं ते मला हसवायला माझी नक्कल करतात.

उद्या मी आणि काकू त्यांना अक्कलकुव्याला नेतोय, तुम्ही मला नेलं त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी जायला नकार दिला आहे. फार मोठे मोठे शब्द वापरून दिला. मला त्यातले अर्धे समजले नाहीत, म्हणून मी ऐकत नाहीये.

तुमची,
सीमा